रिकामं कडं

ताटली पुन्हा रिकामीच निघाली.

अनसूया चिलवेरीनं ती खिडकीपाशी नेली, तिरपी धरली, डोळे बारीक करून पाहिली. जंतूंच्या खाद्याचा थर नितळ होता. त्यावर जांभळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटायला हवी होती, पण मोहरीएवढाही ठिपका नव्हता.

"बघून बघून उगवणार आहे होय, मॅडम?" फारूक नदाफ मागून म्हणाला. तिचा सहकारी, वयानं लहान, पण हात इतका स्वच्छ की त्यानं जोडलेल्या जनुकात कधी चूक निघाली नव्हती. "कडं पलीकडे जातच नाहीये. मान्य करूया आता."

"सोमवारी अण्णाचा पाय काढणार आहेत, फारूक."

त्यानं ताटली तिच्या हातून घेतली आणि हळूच टेबलावर ठेवली.

खिडकीबाहेर सोलापूरच्या जलशोधन केंद्राच्या गोल टाक्या उन्हात चमकत होत्या. साऱ्या शहराचं सांडपाणी तिथे येई, हवेनं घुसळलं जाई आणि शुद्ध होऊन परत नळाला लागे. जंतुरोध प्रयोगशाळा मुद्दाम या केंद्राच्या कुशीत बांधली होती. शहरातल्या कुणाच्याही अंगात कसलाही जंतू असो, कधी ना कधी तो या टाक्यांत हजेरी लावायचाच.

जंतूंचं आणि औषधांचं भांडण तेव्हा अगदी शेवटाला आलं होतं. ज्या औषधांनी मागच्या पिढ्या जगवल्या, त्यांची नावं आता वैद्यकाच्या पुस्तकात इतिहासाच्या प्रकरणात वाचायला मिळत. याच्या मुळाशी होतं एक कडं. पुस्तकातलं त्याचं नाव प्लास्मिड, पण या प्रयोगशाळेत सगळे त्याला जनुककडं म्हणत, आणि घाईत असले की नुसतं कडं. जंतूच्या पेशीत त्याच्या मुख्य जनुकांखेरीज असं एखादं छोटं वाटोळं कडं फिरत असतं. औषधाला दाद न देण्याची विद्या त्या कड्यावर लिहिलेली असते. जंतू शेजाऱ्याला एक बारीक सेतुनळी लावतो, कड्याची नक्कल करतो आणि ती नक्कल त्याला देऊन टाकतो. स्वतःचं कडं स्वतःपाशी राहतं, शेजाऱ्यालाही मिळतं.

अनसूयाचा थोरला भाऊ अंबादास, तिचा अण्णा, पवनचक्क्या दुरुस्त करायचा. उंच मनोऱ्यावर दोर बांधून चढणं आणि पात्यांच्या मुळाशी बसून डबा खाणं, यापलीकडे त्याला सुख ठाऊक नव्हतं. शिडीवरून घसरला आणि नडगी मोडली. हाडात पोलादी सळई घातली. सळईवर क्लेब्सिएला जंतूंनी चिकट थर धरला, आणि त्या जंतूंपाशी सगळ्या औषधांना पुरून उरणारं कडं होतं. जखम वाहू लागली ती थांबेना. आता तर विष रक्तात उतरायच्या बेतात होतं.

अनसूयाची योजना साधी होती. एकाच घराण्याची दोन कडी एका पेशीत नांदत नाहीत. पेशी दुभंगताना एकाला बाहेर पडावंच लागतं. म्हणून तिनं आणि फारूकनं त्याच घराण्याचं एक कडं घेतलं आणि त्यातलं औषधाला रोध करणारं प्रत्येक जनुक छाटून टाकलं. ज्याचं काम कळत नव्हतं, तेही अडगळ म्हणून काढलं. उरलं ते स्वतःच्या भरपूर नकला करणारं, सहज हातोहात जाणारं रिकामं कडं. ओळख म्हणून त्यावर एका दुर्मिळ साखरेवर जगण्याचं जनुक बसवलं. ताटलीत फक्त तीच साखर. कडं मिळालेला जंतू तेवढा तिथे जगेल आणि जांभळा ठिपका होऊन दिसेल. कडं देणाऱ्या निरुपद्रवी दाता जंतूला एक जीवनसत्त्व लागे, ते त्या खाद्यात नव्हतंच, म्हणजे त्याची भेसळ नको. रिकामं कडं आत गेलं की रोधाचं कडं बाहेर पडेल, जंतू उघडा पडेल, मग साधं औषध त्याला पुरे होईल.

आणि रुग्णालयाच्या समितीनं एकच अट घातली होती. आधी ताटलीवर ठिपके दाखवा.

"हिरेमठ बाईंना बोलावते," अनसूया म्हणाली.

गिरिजा हिरेमठ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अनसूयाला सूक्ष्मदर्शीत बघायला त्यांनीच शिकवलं होतं. दुपारी त्या आल्या त्या शेंगाचटणीची पुडी घेऊनच, आणि खुर्चीत टेकताच म्हणाल्या, "चेहरा काय गं असा? दाखव, काय उगवलं नाही ते."

अनसूयानं सगळं सांगितलं. फारूकनं आपलं मत मांडलं. "बाई, ज्याच्यापाशी एक कडं आहे तो जंतू त्याच घराण्याच्या दुसऱ्या कड्याला दार उघडत नाही. हे जुनंच ज्ञान आहे. म्हणून ताटली रिकामी."

"दाराची ती कडी तू मोडली नाहीस?"

"मोडलीय की. आमचं कडं ओळखूच येणार नाही असं केलंय. तरीसुद्धा."

बाईंनी ताटली चष्म्यापाशी धरली. "फारूक, समज तू लग्नाचं जेवण मांडलंस आणि पंगतीला कुणीच बसलं नाही. काय समजशील?"

"पत्रिका पोचल्या नाहीत."

"किंवा?"

"किंवा काय, बाई? माणसं रुसली."

"किंवा निघाली होती, वाटेत मेली." बाईंनी ताटली खाली ठेवली. "आपल्या धंद्याची खोडच ही. आपण ठिपके मोजतो, आणि ठिपका उमटतो तो जगलेल्याचा. मेलेला जंतू कुठेच उमटत नाही, म्हणून तो आपल्या हिशेबीच नसतो. तुम्ही आधी जंतू किती घातले ते मोजलं, नंतर जांभळे किती झाले ते मोजलं. मधल्या मधे किती गेले, ते कुणी बघितलं का?"

अनसूया आणि फारूक एकमेकांकडे पाहू लागले. कुणीच बघितलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती, कारण रिकाम्या कड्यात मारण्यासारखं काही नव्हतंच.

"पण कशानं मरतील, बाई? आम्ही तर सगळं काढून टाकलंय."

"तेच विचारते. काय काय काढलंत?"

फारूकनं कड्याचा नकाशा पडद्यावर आणला आणि छाटलेले तुकडे एकेक करून दाखवू लागला. "हे रोधाचं. हेही. हे पाऱ्यापासून वाचवणारं. आणि ही शेजारी शेजारी दोन छोटी जनुकं. यांचं काम कळलं नाही, म्हणून…"

"थांब." बाई पुढे सरकल्या. बराच वेळ त्या जोडीकडे पाहत राहिल्या, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर, सुंदर विणीचं वस्त्र हाती लागावं तसं काहीतरी पसरलं. "अगं, ही विष आणि उताऱ्याची जोडी आहे. पहिलं जनुक विष बनवतं, दुसरं त्याचा उतारा. विष टिकाऊ असतं, उतारा लगेच विरतो. पेशीत कडं आहे तोवर उतारा ताजा बनत राहतो, काही बिघडत नाही. पण जंतूनं कडं गमावलं की उतारा संपतो, विष मागे राहतं आणि जंतू मरतो."

"म्हणजे कडं जंतूला सोडून जाऊ देत नाही," अनसूया हळू आवाजात म्हणाली.

"नाही देत. ओझं झालं तरी टाकता येत नाही. जंतूला वाटतं आपण कडं वागवतोय, खरं तर कडंच त्याला वागवतंय."

फारूकनं कपाळावर हात मारला. "आणि मी तो उतारा अडगळ म्हणून फेकून दिला! आपलं कडं जुन्याला बाहेर ढकलतं, आणि मागे नुसतं विष उरतं."

खात्री करायला फार वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत एक प्राणरंग होता. तो जिवंत पेशीत हिरवा दिसे, मेलेल्या पेशीत लाल. अनसूयानं अण्णाच्या जखमेतले जंतू आणि दाता जंतू एका थेंबात मिसळले आणि सूक्ष्मदर्शीचं चित्र भिंतीवर सोडलं.

भिंतभर हिरवे दंडगोल तरंगू लागले. एका दात्यानं सेतुनळी काढली. ती चाचपडली, शेजाऱ्याला लागली आणि आखडली. दोघं अंगाला अंग लावून स्थिर झाले. काही वेळानं सुटले, पोहत आपापल्या वाटेनं गेले. घेणारा फुगला आणि दुभंगला. त्याची पिल्लं पुन्हा दुभंगली. मग त्यातलं एक मंदावलं, जागच्या जागी थबकलं आणि लाल झालं. नंतर दुसरं. पाहता पाहता भिंतीवर कुंकू सांडल्यागत झालं. ज्या दंडगोलांपाशी मुळात जुनं कडं नव्हतं, औषध अडवणारं ते चिलखत नव्हतं, ते मात्र रिकामं कडं घेऊनही हिरवेगार पोहत राहिले.

"साध्यांना काही झालं नाही," फारूक पुटपुटला. "मेले फक्त चिलखतवाले. आणि तेही आपल्याच चिलखतानं."

अनसूया भिंतीपाशी गेली आणि मेलेले मोजू लागली. इतके दिवस ज्याला ती अपयश म्हणून टाकत आली होती, ते तिच्या योजनेपेक्षा मोठं निघालं होतं.

समितीपुढे मात्र तिला हे शब्दांत मांडावं लागलं. शल्यचिकित्सक डॉ. विश्राम कुलथे हे कडक पण सरळ गृहस्थ. सारं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही रिकामी ताटली आणलीत आणि म्हणता हाच पुरावा?"

"रिकामी ताटली आणि लाल भिंत."

"असे लाखो जंतू एकदम मेले, तर त्यांच्या कवचातलं विष रक्तात उतरेल. पेशंट धक्क्यानं जाईल."

"एकदम नाही मरणार, डॉक्टर. कडं हातोहात जातं. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. म्हणूनच सळईवरचा चिकट थर आपल्या फायद्याचा आहे. औषध त्या थरात शिरत नाही, पण कड्याला तिथे एकाला लागून एक शेजारी मिळतो."

कुलथे टेबलावर बोटं वाजवत राहिले. "आणखी काय लागेल?"

"आत्ता चालू असलेलं औषध बंद करावं लागेल."

कुलथे पुढे झुकले. ते औषध जखम बरी करत नव्हतं, पण विषाला रक्तापासून जेमतेम थोपवून धरत होतं.

"का?"

"औषध आहे तोवर जंतूला जुनं कडं लागतं. तो ते सोडणार नाही, दोन्ही कडी ओढत बसेल. औषध काढलं की जुन्याची गरज संपली, ते बाहेर पडेल."

"आणि तुमचं गणित चुकलं, तर पायाबरोबर माणूसही जाईल. हे तुम्ही कुणाबद्दल बोलताय, ते ठाऊक आहे ना?"

"माझ्या सख्ख्या भावाबद्दल," अनसूया म्हणाली. "म्हणून विचारणार त्यालाच."

शेवटी वेगळी खोली, सांडपाण्याला क्लोरीन आणि रोजची तपासणी, अशा अटींवर परवानगी मिळाली. पाय काढणं पुढे ढकललं.

अंबादासनं सगळं पडल्या पडल्या ऐकलं. त्याचा पाय जाळीखाली होता, वास लपत नव्हता. "थांब, अनू. नीट समजू दे. माझ्या पायात जंतू झालेत, म्हणून तू आणखी जंतू सोडणार?"

"हो, अण्णा."

"आणि गोळ्या, सुया बंद."

"हो."

"लहानपणी भांड्यातलं मांजर काढायला तू कुत्रं सोडलं होतंस, आठवतंय? भांडंही गेलं, दूधही गेलं."

"अण्णा, थट्टा नको. जीवाला धोका आहे."

"धोक्याचं मला शिकवतेस?" तो छताकडे पाहून हसला. "शंभर मीटरवर दोराला लोंबकळतो मी. दोर कुणी बांधलाय एवढंच बघतो. सोड तुझं कुत्रं."

दाता जंतूंचं पाणी जखमेत सोडलं आणि वाट पाहणं सुरू झालं. सुरुवातीला ताप चढला. कुलथे दारात उभे राहून आकडे बघत आणि न बोलता जात. वहिनी मीठ-मोहरी ओवाळून टाकून गेली. अनसूया जखमेतला थेंब रोज सूक्ष्मदर्शीखाली धरी. आधी एखाददुसरा लाल, मग ठिकठिकाणी लाल, मग अर्धा थेंब लाल. ताप उतरला. वास गेला. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. कुलथ्यांनी एकदा जाळी उचलली, जखम पाहिली आणि इतकंच म्हणाले, "अस्सं." त्यांच्या तोंडचं हे मोठंच कौतुक होतं, असं नर्सनं नंतर सांगितलं.

आणि मग, त्या वेगळ्या खोलीतून अंबादासला साध्या खोलीत हलवायचं ठरलं त्याच सकाळी, जखमेत पुन्हा पू दिसला.

कुलथ्यांनी वेळ घालवला नाही. "जे जगले ते तुमच्या कड्यालाही पुरून उरलेले दिसतात. उद्या सकाळी पाय काढतो. आता थांबलो तर थर पुन्हा वाढेल, आणि त्यातून विष रक्तात जायला वेळ लागणार नाही."

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"संध्याकाळी तुम्ही काय सांगणार आहात? औषधांची पूर्ण चाचणी उद्या दुपारशिवाय येत नाही."

अनसूयानं पुवाचा थेंब उचलला आणि सरळ प्रयोगशाळा गाठली. फारूकनं तो दुर्मिळ साखरेच्या ताटलीवर पसरला, उबेत ठेवला. नवा त्वरित-उगवणीचा उबारा होता, कलत्या दुपारपर्यंत उत्तर मिळणार होतं.

उबाऱ्याचं दार उघडून फारूकनं ताटली काढली आणि तो तसाच उभा राहिला. ताटलीवर जांभळे ठिपके होते. टपोरे आणि तुकतुकीत. इतके दिवस या रंगासाठी सारे तरसले होते, आणि आज तो बघून कुणाला हसू येईना.

"मेले नाहीत," फारूक म्हणाला. "आपलं कडं गिळून ढेकर दिला त्यांनी. आता त्यांच्याकडे जुनंही असेल आणि नवंही. संपलं, मॅडम."

हिरेमठ बाईही येऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी अनसूयाकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. वर्गातही उत्तर जवळ आलेलं दिसलं की त्या अशाच गप्प बसत.

अनसूया ताटलीसमोर बसली. तिनं स्वतःलाच विचारावं तसं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. "जांभळा आहे म्हणजे आपलं कडं आत आहे."

"आहे."

"एकाच घराण्याची दोन नांदत नाहीत. औषध तर आपण केव्हाच बंद केलंय. म्हणजे जुनं बाहेर पडलेलं असणार."

"मग मरायला हवा होता."

"मरायला हवा होता. मेला नाही, कारण उतारा त्याच्यापाशी आहे. जुनं कडं नसताना उतारा कुठून आला?" ती थांबली. "फारूक, त्यानं उतारा कड्यावरून उचलला. एवढंच जनुक स्वतःच्या मुख्य जनुकांत बसवून घेतलं. लाखांत एखाद्याला ते जमलं असेल, आणि तोच वाढला."

"धन्य आहे त्याची. पण…"

"पण कडं गेलंय! कळतंय का? उतारा ठेवला आणि चिलखत टाकून दिलं. आपल्या पहिल्या योजनेत जसा जंतू हवा होता, अगदी तसाच. उघडा."

फारूकचे डोळे मोठे झाले. "म्हणजे साधं औषधही…"

बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आहा!" एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते अनसूयासाठी होतं की जंतूसाठी, हे सांगणं कठीण होतं.

कुलथ्यांना हे फोनवर पटणं शक्य नव्हतं, म्हणून ती ताटली घेऊन समोर जाऊन उभी राहिली. तिनं मागितलेल्या औषधाचं नाव ऐकून ते क्षणभर हसलेच. "सेफाझोलिन? बाई, हे औषध माझ्या गुरूंनी वापरलं. क्लेब्सिएलाला ते हल्ली पाण्यासारखं."

"कडं असलेल्याला. याच्याकडे नाहीये."

"चाचणी नाही, काही नाही. नुसता तर्क."

"तर्कच आहे. पण डॉक्टर, या साखळीतली एक तरी कडी तुम्ही तोडून दाखवा. जांभळा आहे म्हणून नवं कडं आहे. नवं आहे म्हणून जुनं नाही. जुनं नाही म्हणून रोध नाही. तुम्हाला जिथे शंका येईल, तिथून पुढे मी बोलणार नाही."

कुलथ्यांनी ताटली हातात घेतली. त्यांचे ओठ हलत होते. ते प्रत्येक पायरी स्वतः चढून बघत होते, घाई न करता. शेवटी त्यांनी ताटली परत दिली आणि नर्सला हाक मारली. "औषध भांडारात विचारा. नसेलच. पुण्याहून ड्रोननं मागवा." मग अनसूयाकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळची शस्त्रक्रिया मी रद्द करत नाही. दुपारच्या चाचणीपर्यंत पुढे नेतो. चाचणी तुमच्या विरुद्ध आली, तर पुन्हा माझ्यापुढे तर्क मांडायचा नाही."

"नाही मांडणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी आली. औषधाच्या टिकलीभोवती जंतू मरून इतकी रुंद जागा मोकळी झाली होती की चाचणी करणाऱ्या मुलीला वाटलं आपण चुकून दुसराच जंतू लावला. तिनं पुन्हा लावून पाहिला. तेच. तोवर अंबादासच्या शिरेतून इतिहासाच्या प्रकरणातलं ते औषध थेंब थेंब उतरत होतं.

पू आटला. पुन्हा आला नाही. कुलथ्यांनी सळई काढली, हाड तपासलं, आणि समितीपुढे स्वतः उभे राहून सांगितलं की इथून पुढे आधी रिकामं कडं द्यायचं आणि मागून जुनं औषध. उतारा नसलेला जंतू स्वतःच्या विषानं मरेल, उतारा मिळवलेला औषधानं. त्याला दोन्हीकडून वाट नाही.

"तिसरी शोधतील," हिरेमठ बाई त्यावर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. आवडत्या विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या होत्या.

अंबादासला हे सगळं अनसूयानं सवडीनं समजावलं. तो खाटेच्या कडेवर बसला होता. दोन्ही पाय खाली सोडलेले, एक जाड, एक काडीसारखा झालेला. ऐकता ऐकता तो गंभीर झाला.

"म्हणजे त्यांना मरण दिसलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून उतारा शोधून काढला."

"हो."

"आणि त्यापायी चिलखत गमावलं. आणि आपण तिथंच त्यांना धरलं."

"हो, अण्णा."

"एकही उरला नाही?"

"तुझ्या पायात एकही नाही."

त्यानं आपल्या पायाकडे पाहिलं. "हुशार होते की गं," तो म्हणाला. मग त्यानं बहिणीच्या खांद्यावर हात टेकला, काडीसारखा पाय फरशीवर ठेवला, आणि त्याच्यावर आपला भार देऊन हळूहळू उभा राहिला.